लग्नपत्रिकेवरचा शिक्का

माझ्या आजीच्या लाकडी पेटीत तिच्या लग्नाची पत्रिका जपून ठेवलेली होती. मराठीत छापलेली, वर गणपती, खाली कुलदेवतेचे नाव, आणि एका कोपऱ्यात पोर्तुगीज सेन्सॉरचा शिक्का. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सरकारला दाखवावी लागे, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. पण मला ते खरे कळले तो शिक्का हातात घेतल्यावर. मांडव कुठे, मुहूर्त किती वाजता, निमंत्रक कोण, हे कुणा परक्या अधिकाऱ्याने आधी वाचले आणि मगच ते आप्तांकडे गेले. आजी त्या दिवसांबद्दल बोलायला लागली की गोवा मुक्तीला तीस वर्षे होऊन गेल्यावरही तिचा आवाज आपोआप खाली यायचा. आम्ही मोठ्याने काही विचारले की म्हणायची, "ल्हवू उलय," म्हणजे हळू बोल. गावातला रेजिदोर, म्हणजे पोर्तुगिजांचा गावकामगार, केव्हाच मरून गेला होता, तरी तिच्या मनात तो अजून दाराबाहेर उभा होता.

हे सगळे आता आठवण्याचे कारण वेगळे आहे. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामच्या बैसरण कुरणात 26 माणसे मारली गेली. त्यांतले बहुतेक सुट्टीवर आलेले पर्यटक होते. पर्यटकांवर पोट असलेल्या आमच्या राज्यात ती बातमी फार जवळून लागली. जुलैमध्ये जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी ही सुरक्षेतली चूक होती हे मान्य करून जबाबदारी स्वीकारली. त्या कबुलीबद्दल मला आदर आहे. पण चूक नेमकी कुठे झाली? खबर आलीच नव्हती, की आली आणि कुणाच्या टेबलावर पडून राहिली? सरकारबाहेरच्या कुणालाही, संसदेलासुद्धा, याचे उत्तर मागण्याची ठरलेली वाट आपल्याकडे नाही. प्रत्येक हल्ल्यानंतर 'गुप्तचर यंत्रणांचे अपयश' हे शब्द दोन-चार दिवस छापून येतात आणि मग पुढच्या हल्ल्यापर्यंत कुणी ते उच्चारत नाही.

माझे म्हणणे असे आहे की देशातली गुप्तवार्ता पाहणारी आयबी आणि परदेशातली पाहणारी रॉ यांना संसदेने केलेला कायदा हवा, आणि सरकारच्या बाहेरचे कुणीतरी त्यांना जाब विचारणारे हवे. ही मागणी नेहमी नागरिकांच्या खासगीपणाच्या नावाने होते. मग 'आधी देशाची सुरक्षा' असे म्हणून ती बाजूला सारली जाते. मीही आधी सुरक्षाच धरतो, आणि तरीही याच मागणीपाशी येतो. कारण खबर कशी येते, याचा विचार आपण फारसा करत नाही.

3 मे 1999 रोजी कारगिलजवळच्या गारखुनचा मेंढपाळ ताशी नामग्याल आपला हरवलेला याक शोधत डोंगरात गेला. त्याने दुर्बीण लावली तेव्हा वर अनोळखी माणसे बंकर खोदताना दिसली. तो खाली आला आणि त्याने लष्कराच्या चौकीवर सांगितले. ज्या घुसखोरीचा माग रॉ, आयबी आणि लष्करी गुप्तवार्ता या तिघांनाही लागला नव्हता, तिची पहिली खबर एका मेंढपाळाने दिली. नऊ वर्षांनी, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, कफ परेडच्या मच्छिमार वस्तीत रबरी होडीतून उतरलेल्या तरुणांना सर्वात आधी पाहिले ते कोळ्यांनी. त्यांनी हटकलेही. उत्तर उद्धट मिळाले आणि ती माणसे पाठीवर पिशव्या टाकून रस्त्याला लागली. पुढच्या तीन दिवसांत 166 जीव गेले.

उपग्रह, टॅप केलेले फोन, संगणकावरचे जाळे यांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण अनोळखी होडी आधी दिसते ती किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्या रापणकाराला. नवा भाडेकरू रात्री दोनला कुठे जातो ते समोरच्या गाड्यावाल्याला ठाऊक असते. गोव्यातल्या मालीमच्या, कुटबणच्या, खारीवाड्याच्या जेटीवर जाऊन बसा. कुठल्या ट्रॉलरवर ओडिशाचे किती आणि झारखंडचे किती खलाशी आहेत, कोण नवा आला, कोण न सांगता गेला, हे होडीचा प्रमुख, तांडेल, तोंडपाठ सांगतो. हा माणूस पोलिसाला फोन करील की नाही, यावर सगळे अवलंबून आहे. आपण सांगितले तर आपल्यालाच चार दिवस चौकीवर बसवून ठेवतील, असे त्याला वाटत असेल तर तो गप्प राहील. आपले नाव फुटणार नाही आणि आपल्यावर अन्याय झालाच तर दाद मागायला जागा आहे, एवढी खात्री असेल तर बोलेल.

भीतीने गप्प झालेला गाव कसा असतो, हे गोव्याला कुणी शिकवायला नको. पन्नाशीच्या दशकात इथल्या पोलिसात असलेला कासिमिरो मोंतेरो हे नाव त्या पिढीतल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. मारहाण आणि छळ यांसाठी. हाच माणूस पुढे सालाझारच्या गुप्त पोलिसांत, म्हणजे पिदेत, गेला. 1965 च्या फेब्रुवारीत स्पेनच्या हद्दीत जनरल उंबेर्तू देल्गादो या विरोधी नेत्याचा खून झाला, त्यात गोळी झाडणारा हाच होता. सालाझारच्या पोलिसांना काय कमी होते? पत्रे फोडायचा अधिकार होता, खबरे होते, आग्वादचा तुरुंग होता, पोर्तुगालातला पेनिशचा किल्ला होता. सावई वेऱ्यात शिक्षक म्हणून आलेले मोहन रानडे 1955 मध्ये पकडले गेले. गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते आणि सुटले ते थेट जानेवारी 1969 मध्ये. इतकी घट्ट पकड असलेले ते राज्य डिसेंबर 1961 मध्ये छत्तीस तासांत संपले. लग्नपत्रिका वाचणाऱ्या सरकारच्या बाजूने उभा राहायला एकही वाडा पुढे आला नाही. धाक घालणारी यंत्रणा राज्य बळकट करते, हा समज मला त्या छत्तीस तासांत खोटा ठरलेला दिसतो.

आणि पुढची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. 25 एप्रिल 1974 ला पोर्तुगालमध्ये क्रांती झाली आणि ती गुप्त पोलीस यंत्रणा मोडीत निघाली. दहा वर्षांनी, 1984 मध्ये, त्या देशाच्या संसदेने गुप्तवार्ता यंत्रणेसाठी कायदा केला. यंत्रणेने काय करावे आणि काय करू नये ते त्यात लिहिले आणि देखरेखीसाठी एक मंडळ नेमले. त्या मंडळाचे सदस्य संसद दोन तृतीयांश मतांनी निवडते, म्हणजे विरोधी पक्षाला विचारल्याशिवाय तिथे कुणी बसू शकत नाही. पिदेची दप्तरे लिस्बनच्या तोर्रे दु तोंबू या राष्ट्रीय अभिलेखागारात गेली आणि 1994 पासून ती लोकांना पाहता येतात. माझा एक चुलतभाऊ लिस्बनला असतो. त्याने तिथे अर्ज करून आमच्या घरातल्या एका आजोबांच्या कागदांच्या प्रती काढल्या आणि मला पाठवल्या. ते कुणाला भेटले, कुठल्या भजनाला गेले, म्हापशाच्या बाजारात कुणाशी किती वेळ बोलले, सगळे टाइप केलेले. ज्यांनी आमच्यावर पाळत ठेवली, त्यांच्या देशाने आज ती पाळत आमच्यापुढे उघडून ठेवली आहे.

आता आपल्याकडे पाहा. आयबीचा जन्म 23 डिसेंबर 1887 चा, व्हाइसरॉयच्या काळातल्या एका प्रशासकीय आदेशाचा. घटनेच्या सातव्या परिशिष्टात गुप्तवार्ता विभागाचा उल्लेख आहे, म्हणजे संसदेला त्यावर कायदा करता येतो. पण संसदेने तो आजवर केलेला नाही. 1985 चा एक कायदा आहे, तो या यंत्रणांतल्या कर्मचाऱ्यांनी संघटना करू नये यापुरता. रॉ 21 सप्टेंबर 1968 ला स्थापन झाली, तीही सरकारी आदेशानेच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 ने दोन्ही यंत्रणा त्या कायद्याबाहेर ठेवल्या. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप एवढाच अपवाद. निवृत्त आयबी अधिकाऱ्यानेच उच्च न्यायालयात जाऊन 'आम्ही कुठल्या कायद्याखाली काम करत होतो' असे विचारावे, ही वेळ या देशात येऊन गेली आहे. मी हा आक्षेप त्या अधिकाऱ्यांच्या बाजूने घेतो. कायदा नसला की चुकीचा हुकूम नाकारायला त्यांच्या हातात काही उरत नाही. मंत्र्याने सांगितले, विरोधकांच्या मागे माणूस लाव, तो लावतो. 'कायद्यात बसत नाही साहेब' हे वाक्य त्याला उपलब्धच नाही.

आणीबाणीनंतर जनता सरकारने 1977 मध्ये एल. पी. सिंग समिती नेमली होती. आयबी आणि सीबीआय यांचा गैरवापर कसा झाला आणि तो कसा थांबवावा हे तिने पाहायचे होते. तिचा अहवाल लोकांसमोर आला नाही. 1962 च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती बसली, आणि हे श्रेय तेव्हाच्या सरकारला दिले पाहिजे, की तिचा अहवाल काही भाग वगळून का होईना प्रसिद्ध झाला. त्यातून संरक्षण गुप्तवार्ता संस्था निघाली, तांत्रिक गुप्तवार्तेसाठी एनटीआरओ निघाली. कार्यालये वाढली, पण बाहेरून विचारणारा कुणी आला नाही. 26/11 नंतर महाराष्ट्र सरकारने राम प्रधान समिती नेमली. तिच्या कक्षेत मुंबई पोलीस होते, दिल्लीच्या यंत्रणा नव्हत्या. समुद्रमार्गे हल्ल्याच्या सूचना आधीपासून आलेल्या असताना त्या किनाऱ्यावरच्या हवालदारापर्यंत का पोचल्या नाहीत, याचा वरपासून खालपर्यंत जाहीर हिशेब कुणी घेतला नाही. अमेरिकेत 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दोन्ही पक्षांचा आयोग बसला, त्याने गुप्तचर प्रमुखांना जाहीरपणे प्रश्न विचारले आणि 2004 मध्ये अहवाल पुस्तकांच्या दुकानात विकायला ठेवला. त्यामुळे अमेरिका दुबळी झाली असे कुणी म्हणत नाही.

26/11 साठी टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली त्यानंतरही परत आला, हे गोव्यात फारसे कुणाला आठवत नाही. मार्च 2009 मध्ये तो पुन्हा भारतात होता आणि ज्यूंच्या छबाद हाउसची पाहणी करत दिल्ली, पुष्कर, पुणे असा फिरला, गोव्यातही आला. मुंबईच्या रस्त्यांवरचे रक्त वाळून चार महिने झाले होते, देशभर सावधगिरीचे आदेश होते, आणि तो आमच्या किनाऱ्यावर येऊन गेला. इथे परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाल्याने चोवीस तासांत त्याची माहिती सरकारी फॉर्मवर कळवायची असते. कागद भरले जातात. ते कोण वाचतो?

त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर नरकासुराच्या रात्री, मडगावात स्कूटरवर स्फोट झाला. स्फोटके नेणारे दोघे त्यातच गेले. शहर नरकासुराच्या प्रतिमा पाहायला रस्त्यावर आलेले होते. ती स्कूटर आणखी शंभर मीटर पुढे गेली असती तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री तिथे असलेल्या प्रत्येकाच्या मनात आजही येतो. तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे, एनआयएकडे, गेला, खटला उभा राहिला आणि डिसेंबर 2013 मध्ये विशेष न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडले. न्यायालयाचा निर्णय मला मान्य आहे. पण मग स्फोटके आली कुठून, बनवली कुणी, आणि स्थानिक गुप्तवार्तेला त्याचा वास का आला नाही? निर्दोष माणसे वर्षानुवर्षे अडकली असतील तर तो एक अन्याय, आणि खरे सूत्रधार मोकळे राहिले असतील तर मडगावकरांवर दुसरा. यांतला कोणता झाला, हे सोळा वर्षांत आम्हाला कुणी सांगितलेले नाही.

जाब नसला की चूक दुरुस्त होत नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 30 नोव्हेंबर 1994 रोजी हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. केरळ पोलिसांनी पकडले, चौकशीला आयबीचे अधिकारी होते. सीबीआयने आरोपात तथ्य नसल्याचे सांगितले, तरी त्यांना पुरता न्याय मिळायला 14 सप्टेंबर 2018 उजाडले; त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने 50 लाखांची भरपाई दिली. चोवीस वर्षे एक माणूस आपले नाव धुऊन काढत राहिला. त्या काळात देशाचे रॉकेट इंजिन बनवणारे हात न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते. हे अपयश सुरक्षेचेही आहे, नुसते मानवी हक्काचे नाही.

फोन ऐकण्याबाबत तरी नियम आहेत, असे सांगितले जाते. आहेत. 18 डिसेंबर 1996 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते घालून दिले. गृहसचिवाने आदेश द्यायचा आणि सचिवांच्याच समितीने दर दोन महिन्यांनी तो तपासायचा. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये जे लिहिले ते वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. केंद्राचे महिन्याला 7,500 ते 9,000 आदेश, म्हणजे दर बैठकीत 15,000 ते 18,000 आदेश तपासायचे. समिती आठ तास न उठता बसली तरी एका आदेशाला दोन सेकंददेखील मिळत नाहीत. इतक्या ढिगातून धोक्याचा एक फोन वेगळा कसा काढणार? ज्याला न्यायाधीशापुढे जाऊन प्रत्येक आदेशाचे कारण सांगावे लागते, तो नेमके मागतो. ब्रिटनने 2016 च्या कायद्यात मंत्र्याच्या सहीबरोबर न्यायिक आयुक्ताची मंजुरी सक्तीची केली ती याचसाठी. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने फोनवर पाळत ठेवल्याच्या आरोपांच्या वेळी तर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीलाही सरकारने सहकार्य केले नाही, हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट 2022 मध्ये भर न्यायालयात सांगितले.

गेल्या वर्षी आमच्या गावात डोंगर कापण्याच्या प्रश्नावर ग्रामसभा झाली. मागच्या बाकावर साध्या कपड्यातला एक माणूस वहीत लिहीत होता. चार दिवसांनी तो आमच्या दारी आला. चहा घेतला, अत्यंत सभ्यपणे बोलला. निवेदनावर सही का केली, मुलगा कुठे नोकरीला आहे, घरात कोण कोण येते-जाते, एवढे विचारून गेला. कुठल्या खात्याचा ते त्याने सांगितले नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. त्या संध्याकाळी बायको मला म्हणाली, "फोनवर जपून बोला." आवाज खाली आणून म्हणाली. मला एकदम आजी आठवली. मी मुक्त गोव्यात जन्मलो, मतदान करतो, कर भरतो. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला पाठवले गेले. पण जो वेळ त्याने माझ्या पडवीत घालवला, तो कुठल्यातरी जेटीवर घालवला असता तर देशाच्या जास्त कामी आला असता. आणि उद्या मला खरोखरच काही संशयास्पद दिसले, तर मी आधीइतक्या मोकळेपणाने फोन उचलीन का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो: खासदारांच्या हाती गुपिते दिली की ती फुटतील. आक्षेप गंभीर आहे. पण 2004 मध्ये रॉचा सहसचिव दर्जाचा अधिकारी रबिंदर सिंग नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला, तो कुठल्या संसदीय समितीतून गेला नव्हता. तो बंद खोलीतूनच गेला. ब्रिटनमध्ये 1994 पासून गुप्तवार्तेवर संसदीय समिती आहे, तिचे सदस्य गोपनीयतेच्या कायद्याने बांधलेले असतात आणि ती चालते आहे. इथे उपराष्ट्रपतिपदावर असताना हमीद अन्सारी यांनी जानेवारी 2010 मध्ये रॉचे संस्थापक काव यांच्या स्मृतिव्याख्यानात संसदेच्या समितीची गरज मांडली होती, ऐकायला समोर गुप्तचर खात्याचीच मंडळी होती. 2011 मध्ये मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणले. ज्यांचे वडील दहशतवाद्यांच्या गोळीला बळी पडले, त्या माणसाने ते आणले होते. चर्चेविनाच ते मागे पडले, आणि तेव्हा सत्तेत त्यांचाच पक्ष होता. या बाबतीत पक्षापक्षांत मला फरक दिसत नाही. विरोधात असताना सर्वांना कायदा हवा असतो.

चालू मोहिमांची माहिती, खबऱ्यांची नावे, परदेशातली माणसे यांतले काहीच मी मागत नाही; ते कुणी मागू नये. कायद्यात यंत्रणेचे काम लिहिलेले असावे. सत्ताधारी आणि विरोधी दोन्हीकडच्या मोजक्या खासदारांची, शपथबद्ध, बंद दाराआड बसणारी समिती असावी. मोठा हल्ला झाला की ठरावीक मुदतीत तिने चौकशी करावी आणि त्यातला सांगण्याजोगा भाग लोकांना सांगावा. पाळतीच्या आदेशावर न्यायाधीशाची सही असावी. चुकीने भरडल्या गेलेल्या माणसाला चोवीस वर्षे थांबावे लागू नये, यासाठी एक लोकपालासारखे पद असावे. आणि पंचवीस-तीस वर्षे उलटलेली दप्तरे अभिलेखागारात जावीत.

गोव्याचे लोकसभेत दोन खासदार आहेत, राज्यसभेत एक. दर 19 डिसेंबरला तिघांचीही मुक्तिदिनाची भाषणे होतात. आग्वादचे, पेनिशचे, रानड्यांचे नाव घेतले जाते. मी तिघांनाही पत्र लिहिले आहे. सोबत आजीच्या लग्नपत्रिकेची प्रत जोडली आहे, लिस्बनहून आलेल्या कागदांतले एक पान जोडले आहे, आणि मडगावच्या त्या रात्रीबद्दलचे तीन प्रश्न. हे प्रश्न संसदेत विचारा, एवढीच त्यांना विनंती केली आहे.